उकळलेला सरस

आमच्या घरात मूल रांगायला लागलं की त्याला आधी शिकवतात, सरसाच्या भांड्याजवळ जायचं नाही. जरा मोठं झालं की शिकवतात, सरस उकळू द्यायचा नाही. मुळाक्षरांच्या आधी मला या दोन गोष्टी येत होत्या. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

बाबा व्हायोलिनं दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीशी लांब टेबल, भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेल्या पटाश्या, छताखाली दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लटकणारी पाच-सहा वाद्यं. कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर पाण्याचं पातेलं आणि त्या पाण्यात सरसाचं छोटं तांब्याचं भांडं. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला चिकटा. बाजारातल्या पांढऱ्या गमनं व्हायोलिन चिकटवलं तर ते पुन्हा कधी उघडता येत नाही, उघडायला गेलं तर लाकूडच फाटतं. सरसाचा जोड मात्र शंभर वर्षांनीही पातळ सुरी आणि थेंबभर पाणी घेऊन सोडवता येतो, आतलं काम करून पुन्हा मिटवता येतो. फक्त तो कोमट आणि गरम यांच्या मधोमध ठेवावा लागतो. एकदा खळखळून उकळला की त्याची ताकद जाते. दिसतो मात्र अगदी तसाच.

बाळंतपणाला आले ती मी अजून इथेच होते. मुलगी अकरा महिन्यांची झाली होती. आई जाऊन चार वर्षं झालेली, त्यामुळे घरात बाबा, मी आणि ती. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला. महिन्यातून दोनदा यायचा आणि जाताना विचारायचा, "मग, कधी?" मी म्हणायचे, "जरा वजन वाढू दे तिचं." वजन हे निमित्त होतं. घरात आणखी एक मोठं माणूस असल्याशिवाय तिच्याबरोबर राहायची मला भीती वाटायची. ती झोपली की मी तिचे श्वास मोजायचे. बाबा हसायचे. "अगं, तू बघत बसलीस म्हणून ती दोन श्वास जास्त घेणार आहे का?" तिला ते खुंटी म्हणायचे, व्हायोलिनची तार जिच्यावर ताणतात ती खुंटी. "बुटकी, ताठ, आणि जरा पिळलं की सूर वर."

थंडी सरता सरता बाई आल्या. बाई म्हणजे गावातल्या अर्ध्याअधिक लोकांना व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई, पंच्याहत्तरीच्या, उंच, जिना चढताना कुणाचा हात न धरणाऱ्या. पेटी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्या आजोबांचं पोर आजारी पडलंय. बघा जरा."

"आजारी ते की तुमचे कान?"

"माझे कान शाबूत आहेत. तुमचे केस कुठे गेले ते सांगा."

"तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे मी, बाई. विद्यार्थ्यांना सांगू का हे?"

बाबांच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, ते व्हायोलिन केलं त्याला एकशे बारा वर्षं झाली होती. पणजोबा मुळात दारं-खिडक्या करणारे सुतार. एकदा एका फिरत्या नाटकवाल्यांचं मोडकं व्हायोलिन त्यांच्याकडे आलं. कुणीतरी त्यावर बसलं होतं. ते जोडता जोडता त्यांनी त्याचं माप कागदावर उतरवून घेतलं, आणि मग तीन वर्षं रोज खिडक्यांचं काम संपल्यावर स्वतःचं एक करत बसले. पहिलं वाजलंच नाही. दुसरं वाजलं, पण डबा वाजावा तसं. असं करत त्यांनी जन्मात सात व्हायोलिनं केली. सातवं सगळ्यात चांगलं झालं, आणि आज तेवढंच उरलं आहे. त्याची पाठ एका मोडक्या पलंगाच्या फळीची आहे. त्या लाकडात आडव्या लाटा आहेत, वाद्य उजेडात फिरवलं की त्या हलतात. रंग करपायला आलेल्या साखरेच्या पाकाचा. बाईंच्या वडिलांनी ते पणजोबांकडूनच घेतलं होतं. आमच्या घरात त्यांच्या हातचं एकही नव्हतं. बाबा विशीत असताना बाईंच्या घरी फक्त ते बघायला जायचे. आई म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा एवढे टक लावून बघत नव्हते."

"खालची तार माशी घोंगावल्यासारखी घरघरते," बाई म्हणाल्या. "तेवीस तारखेला शिकणाऱ्या मुलांनी कार्यक्रम ठेवलाय. लोकांसमोर शेवटचं वाजवणार आहे. मग हे नातीला."

बाबांनी व्हायोलिन कानाशी धरलं आणि बोटाच्या पेरानं ठकठक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं. वरच्या फळीला आतून एक लांब पट्टी चिकटवलेली असते, ती सुटली होती. "उघडावं लागेल," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. सदुसष्टाव्या वर्षी त्यांना आजोबांचं व्हायोलिन आतून दिसणार होतं.

उघडायच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. खुंटीला कडेवर घेऊन मी लांब उभी राहिले. ती काहीही ओढेल, ही भीती. सुरी कडेनं फिरत गेली, मध्ये मध्ये सुकी फांदी मोडावी तसा बारीक आवाज यायचा, आणि वरची फळी अलगद वर आली. आत जुन्या कपाटासारखा वास. फळीच्या आतल्या बाजूला, डावीकडे मधोमध, शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बाबांनी चष्मा बदलला आणि वाचलं, "इथं जास्त खरवडलं गेलं. घाई माझी. पुढच्यानं सांभाळावं."

त्यांनी फळी दिव्याकडे वळवली. मग म्हणाले, "बघ. मुंगीएवढी चूक. कुणालाही कळली नसती."

"मग लिहिली कशाला?"

"उघडणाऱ्याला कळायला हवी ना."

आठ दिवस त्यांनी आत काम केलं. जुनी पट्टी काढून नवी कोरून बसवली. उरलं फक्त मिटवणं. त्याचं मात्र त्यांच्या लेखी मोठं प्रस्थ. वरची फळी कडेनं सगळीकडे एकदम चिकटवायची, सरस थंड व्हायच्या आत, म्हणजे जेमतेम चार मिनिटांत, आणि लगेच कडेकडेनं तीस शिकंजे आवळायचे. असं मोठं काम असलं की बाबा आधी केस कापून, दाढी करून यायचे, लग्नाला निघाल्यासारखे. त्या दिवशीही निघताना म्हणाले, "तासाभरात येतो. शेगडीकडे लक्ष असू दे."

खुंटीला दोन दिवस जुलाब होत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी उकळलेलंच, दूध पुन्हा तापवूनच. आणि नेमका स्वयंपाकघरातला गॅस संपला. ती भुकेनं आणि तापानं रडत होती. मी दुधाची बाटली शेगडीवरच्या पातेल्यात, सरसाच्या भांड्याशेजारी ठेवली आणि लवकर तापावं म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवलं. दोन मिनिटांचं काम, असं मनात म्हटलं. तेवढ्यात आत तिला उलटी झाली. अंथरूण, कपडे, केस, सगळं. मी तिला पुसलं, बदललं, थर्मामीटर लावलं. एकशे एक. डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या फोनवर होते, पुन्हा लावला. त्यांनी औषध सांगितलं ते मी लिहून घेतलं, मग खात्री करून घ्यायला पुन्हा वाचून दाखवलं.

बाटली आठवली तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. पातेल्यात तळाला बोटभर पाणी उरलं होतं आणि बाटली त्यात खडखडत होती. सरस फेसानं वर येऊन भांड्याच्या काठावरून ओघळला होता.

मी बटण बंद केलं. पाणी ओतलं. फेस चमच्यानं काढून टाकला, काठ पुसला, खिडकी उघडली, मग बटण होतं तिथे आणलं. दहा मिनिटांत सरस पुन्हा तपकिरी आणि शांत दिसायला लागला. बाबांना सांगायचं, हे मी ठरवलं होतं. नवा सरस रात्रभर भिजवावा लागतो, म्हणजे एक दिवस वाया, पण तेवीसला अजून पाच दिवस होते. त्यामुळे मी न सांगायचं काही कारणच नव्हतं.

बाबा आले ते साबणाचा वास घेऊन. "कशी आहे खुंटी?"

"ताप आहे. बाबा, ऐका ना..."

"एवढं होऊ दे. मग मी बसतो तिच्याजवळ, तू जरा पड. तोंड बघ कसं झालंय." असं म्हणत त्यांनी दिवा ओढून फळी शेकायला घेतली. आत खुंटी रडायला लागली. मी आत गेले, तिला उचललं, थोपटलं आणि परत आले, तर ब्रश फळीच्या कडेवरून फिरत होता.

सरस लावायला सुरुवात झाली की आमच्या घरात कुणी बोलत नाही. फोन वाजला तरी उचलत नाही. लहानपणी एकदा माझा दात पडला तेव्हाही मी रक्ताळलेलं तोंड मिटून दारात उभी होते. त्या दिवशी मी तशीच उभी राहिले. चार मिनिटं. बाबांचे हात भराभर चालत होते, एकेक शिकंजा कडेवर बसत होता, जादा सरस बारीक मण्यांसारखा बाहेर येत होता. तिसावा आवळून झाल्यावर त्यांनी मान मोकळी केली. नवीन कापलेल्या केसांखाली मान पांढरी दिसत होती.

"हं, बोल आता. काय म्हणत होतीस?"

इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. "औषध आणायला हवं होतं."

तेवीस तारखेपर्यंत मी रोज ते व्हायोलिन बघत होते. जोड घट्ट होता. तारा चढल्या, बाबांनी वाजवून पाहिलं, बाई येऊन घेऊन गेल्या. माझी खात्री पटत गेली की एवढ्यानं काही होत नसावं. घरातल्या जुन्या लोकांनी उगाच धाक घालून ठेवला असेल.

कार्यक्रमाला मी सगळ्यात मागे, दाराजवळ बसले, खुंटी रडली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. बाबा दुसऱ्या रांगेत. बाईंनी पहिला तुकडा वाजवला. आवाज इतका भरून आला की माझ्या शेजारी बसलेल्या एकीनं वहीवर चालवलेलं पेन थांबवलं. दुसऱ्याच्या मध्यावर गज वरून खाली येत असताना काहीतरी कडाडलं. मोठं नाही, पाटाला भेग जाताना वाजावं तेवढं. व्हायोलिनच्या मानेखालचा जोड सुटला, फळी वर आली, तारा ढिल्या पडल्या, आणि तारांखालची लाकडी घोडी उडून मंचावर पडली. बाई गज हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग माईकमध्ये म्हणाल्या, "मुलांनो, पुढचं सुरू करा." बाबा उठून मंचावर गेले, वाकले आणि घोडी उचलून खिशात टाकली.

मागच्या खोलीत त्यांनी व्हायोलिन दिव्याखाली धरलं. नुसता जोड सुटला असता तर पुन्हा चिकटवता आला असता. पण ताण एकाएकी गेल्यानं फळी खचली होती आणि डाव्या बाजूला, मधोमध, दोन बोटं लांब चीर गेली होती. पणजोबांनी लिहिलं होतं बरोबर तिथे.

"अहो, लाकूड आहे," बाई म्हणाल्या. "इथे माणसं टिकत नाहीत."

"लाकूड टिकलं होतं, बाई. जोड सुटलाय. जोड माझा होता."

"वय झालं त्याचं."

"सांभाळ म्हणून लिहून ठेवलं होतं त्यांनी. मी चष्मा बदलून वाचलं होतं."

बाई त्यांना लागेल असा एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांनी ते व्हायोलिन स्वतः दुरुस्त केलं नाही. लांबच्या एका शहरात एक कारागीर आहे. बाबा जन्मभर त्याला "प्लायवूडवाला" म्हणत आले. त्याच्याकडे त्यांनी ते पाठवलं. पेटीत कापूस भरताना म्हणाले, "त्याचा हात चांगला आहे." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकांना फोन करून टांगलेली वाद्यं परत न्यायला सांगितली. दोरी एकेक करून रिकामी झाली. कुणी विचारलं की एवढंच म्हणायचे, "हात गेले."

मी तीन आठवडे गप्प राहिले. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, "आता सांगून काय जोडलं जाणार आहे? त्यांना आणखी त्रास, तुला आणखी त्रास. कधीतरी थांबणारच होते ना ते." ते मला पटलं नाही, पण सोयीचं होतं. दिवसभर मी खुंटीच्या मागे असायचे आणि डोळा बाबांवर. ते खिडकीशी बसून पटाश्यांना तेल लावायचे, फडक्यात गुंडाळायचे, पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळायचे. खुंटी त्यांच्या पायाशी येऊन उभी राहायला शिकली. त्यांच्या गुडघ्याला धरून ती पहिल्यांदा हात सोडून उभी राहिली तेव्हा ते हसले, पण उचललं नाही.

मग एका दुपारी शेजारच्या गल्लीतला फर्निचरवाला आला. माळ्यावर बाबांनी लाकडाची एक जोडी जपून ठेवली होती. माझ्या जन्माच्या वर्षी घेतलेली, तीस वर्षं सुकवलेली. सगळी दुरुस्तीची कामं संपली की त्यातून एक स्वतःचं व्हायोलिन करायचं, असं ते म्हणायचे. फर्निचरवाला त्या फळ्या उलटसुलट करून बघत होता.

"ड्रॉवरच्या दर्शनी फळ्यांना झकास होतील, काका."

"होतील ना. घेऊन जा."

"नका नेऊ," मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. "उद्या या तुम्ही."

तो गेल्यावर मी दार लावलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. गॅस, बाटली, बटण, फेस, खिडकी. बाबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लहानपणापासून अशीच तू. आईच्या हातून कप फुटला तरी मी फोडला म्हणायचीस."

"बाबा, मी खोटं बोलत नाहीये."

"बरं."

"काठावरून ओघळला होता. पातेल्यात बोटभर पाणी होतं. मी चमच्यानं फेस काढला, तो चमचा अजून चिकट आहे, मी तो ओट्यामागे लपवून ठेवलाय."

त्यांनी हात काढून घेतला. "किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं."

"खळखळून?"

"हो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी ज्याची वाट बघत होते ते तिथे आलं. खांदे खाली आले, कपाळ सैल झालं, एक लांब श्वास सुटला. आता रागावतील, असं मला वाटलं, आणि त्या रागासाठीही मी आसुसले होते. "मूर्ख मुलगी," ते म्हणाले, पण ते म्हणताना जवळजवळ हसत होते. "म्हणजे सरसच मेलेला होता."

"तुमचे हात नाही गेले, बाबा."

ते उठले, भिंतीपर्यंत गेले, परत आले. मग थांबले. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी पहिल्या बोटावर घासला, एकदा, दोनदा.

"पण मी बघितला होता," ते म्हणाले.

"काय?"

"लावायच्या आधी बघतोच. नेहमी. तू आत गेली होतीस, खुंटी रडत होती म्हणून. दोन बोटांत थेंब घ्यायचा, दाबायचा, सोडायचा. चांगला सरस धरून ठेवतो, बोटं सुटताना तंतू येतो. मेलेला नुसता बुळबुळतो. पोरासोरालाही कळतं." ते पुन्हा बोटं घासत होते. "मला चांगला लागला होता."

मी म्हटलं, घाईत असाल, खुंटीची काळजी असेल. ते ऐकत नव्हते. त्यांनी डब्यातून सरसाचे खडे काढून पाण्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिजलेला सरस दोन वाट्यांत केला. एक वाटी मंद आचेवर ठेवली, दुसरी मला अर्धा तास उकळायला सांगितली. मग दोन्ही सारख्याच गरम करून टेबलावर ठेवल्या, खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. "तू वाट्या मागेपुढे कर आणि माझा हात धरून एकेकीत बुडव."

मी आधी स्वतः बघितलं. बाटलीचं बूच न लावता येणारी मी, पण मलाही फरक लगेच कळला. एक बोटांना ओढत होता, दुसरा तेलासारखा घसरत होता.

मी त्यांचा हात धरला. तो गरम होता, अंगठ्याजवळ जुन्या पटाशीची खूण. त्यांनी पहिल्या वाटीतला थेंब चोळला, मग दुसरीतला. खूप वेळ घेतला. "दुसरा चांगला."

"बरोबर," मी म्हटलं, आणि खरंच बरोबर होतं. माझा जीव भांड्यात पडला.

"पुन्हा."

मी वाट्या हलवल्या. या वेळी त्यांनी आणखी वेळ घेतला. ओठ घट्ट मिटलेले. "पहिला."

पहिला उकळलेला होता.

"बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. वाट्या अजून जागच्या जागी होत्या. उकळलेल्या वाटीच्या काठाला फेसाचा पांढरा थर होता. तो त्यांनी बघितला, मग माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. "पुन्हा," ते म्हणाले, "आणि या वेळी माझ्याशी खोटं बोलू नकोस. एकदा गप्प बसलीस, तेवढं पुरे."

त्यानंतर आम्ही आठ वेळा केलं. चार वेळा मी "चुकलं, बाबा" म्हटलं. शेवटी शेवटी ते म्हणायचे, "नाही कळत," आणि मी काहीच म्हणत नव्हते. खुंटी आत तिच्या पाळण्याचे गज वाजवत होती. बाबांनी हात फडक्याला पुसले, एकेक बोट वेगळं करून.

"म्हणजे तुझं नव्हतं," ते म्हणाले.

"माझंच होतं. मी उकळला."

"उकळला तू. पण मला कळायला हवं होतं. त्यासाठीच तर बघायचं असतं."

डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून बघितली, यंत्रं लावली. बोटांच्या टोकांच्या नसा मंदावल्या आहेत, म्हणाले. साखरेनंही होतं, वयानंही होतं, हळूहळू होतं म्हणून माणसाला समजत नाही. आहे तेवढं टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "कधीपासून असेल?" डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. दोन वर्षं तरी."

बाबांनी घरी आल्यावर कपाटातून वही काढली, कुठलं वाद्य कधी उघडलं आणि कुणाचं ते लिहिलेली. चष्मा लावून दोन वर्षं मागची पानं शोधली आणि माझ्यापुढे ठेवली. सदतीस वाद्यं होती.

"प्रत्येकाला फोन करायचा. सांगायचं की जोड पुन्हा बघून घ्या. त्या प्लायवूडवाल्याचा पत्ता द्यायचा."

"बाबा, हे सगळे खराब असतील असं थोडंच आहे? सरस तर त्या एकाच दिवशी उकळला होता."

"तुझ्या हातून एकदा. माझ्या हातून कधी शिळा वापरला गेला असेल, कधी थंड. मला काय माहीत? मी बघितलंय आणि मला चांगलाच लागलाय."

म्हणून मी फोन करत बसते. खुंटी झोपली की करते. बाबा समोरच्या खुर्चीत बसून ऐकतात, मी काही गाळत नाही ना ते बघतात. वाद्याचं नाव, तारीख, काय काम केलं होतं, आणि मग ते वाक्य, जे त्यांनी मला घोकवून घेतलंय: कामात कारागिराची चूक असू शकते. लोक चकित होतात. कुणी म्हणतं, अहो, त्यांच्यासारखा जोड कुणाचा नाही. कुणी त्यांची तब्येत विचारतं. अजून एकही जोड सुटलेला सापडलेला नाही. हे मी त्यांना दर वेळी सांगते आणि ते दर वेळी "बरं" म्हणतात.

बाईंचं व्हायोलिन परत आलं. चीर बसली आहे, शोधल्याशिवाय दिसत नाही. बाई नातीला घेऊन वाजवून दाखवायला येते म्हणाल्या. बाबांनी निरोप पाठवला, सवडीनं या.

काल एकविसाव्या नंबरला फोन लावला. एका शाळकरी मुलीची आई होती. मी सगळं सांगितलं. "छे हो," ती म्हणाली, "ती रोज वाजवते. आत्ताही वाजवतेय, ऐका." तिनं फोन खोलीकडे धरला असावा. मुलगी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत होती, एका जागी अडखळत होती, पण आवाज स्वच्छ होता, कुठे घरघर नाही. मी फोन बाबांच्या कानाशी नेला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे," ते मला म्हणाले. "उघडून बघायला सांग."

मी सांगितलं. मग बाविसावा नंबर लावला.